गुडघ्यांपुरती जागा

आमच्या ह्यांना भांडता येत नाही, ही माझी लग्नापासूनची तक्रार आहे. माणसानं कधीतरी चिडावं, ताट सरकवावं, दार आपटून बाहेर जावं, म्हणजे घरातल्या बाईलाही जरा मोकळं वाटतं. पण हे मान तिरकी करून नुसते ऐकत बसतात. माझ्या तोंडाचा पट्टा चालू असतो तोवर गप्प, आणि मी दम घ्यायला थांबले की हळूच विचारतात, "नक्की कुठून बिघडलं, ते सांग ना." आता ह्याला काय उत्तर देणार? मी बायको आहे की संगणकातलं मोडकं मॉडेल, असा प्रश्न मला पडतो, आणि मग मी अजूनच चिडते.

तसा त्यांचा दोष नाही म्हणा. दिवसभर तेच तर करतात. आमचा कारखाना पत्र्याचा. यंत्रांची कव्हरं, विजेच्या पेट्या, औषधांची कपाटं, काय म्हणाल ते. खाली पत्रा कापायचं मशीन, वाकवायचं मशीन आणि वेल्डिंग. वर जिना चढून गेलं की काचेची खोली, आणि त्या खोलीत हे. वाकवायच्या मशीनवर मी. बाई मशीनवर कशी, असं नव्या गिऱ्हाइकांना वाटतं, पण एकदा माझं काम बघितलं की त्यांची बोलती बंद होते.

ह्यांचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. गिऱ्हाईक आपल्या पेटीचं मॉडेल संगणकावर पाठवतं आणि सांगतं, पेटी अशीच हवी, पण ही जाळी नको, हा कप्पा नको, ह्या खाचा नकोत. मग ह्यांनी त्या जागेवरचे फेस काढायचे. फेस म्हणजे मॉडेलची एकेक बाजू, एकेक पृष्ठभाग. काढायला काही लागत नाही, बटण दाबलं की गेला. खरा तमाशा त्यानंतर सुरू होतो. फेस गेला तिथं भोक पडतं. शेजारचे फेस ते भोक बुजवायला धावतात. एखादा लांबच्या लांब निघून जातो, एखादा भलतीकडेच घुसतो, आणि मग सॉफ्टवेअर लाल अक्षरांत हात वर करतं. आता ती पेटी पत्र्याची राहत नाही, नुसतं पोकळ टरफल उरतं. टरफलाला जाडी नाही. जाडी नाही म्हणून त्याच्या घड्या उलगडत नाहीत, घड्या उलगडल्या नाहीत तर सपाट पत्रा किती कापायचा ते कळत नाही, आणि ते कळलं नाही की मी खाली मशीनसमोर हात चोळत बसते.

दुसरे लोक अशा वेळी ठिगळावर ठिगळ लावतात. हे तसलं काही करत नाहीत. पत्र्याला दोन बाजू असतात, त्यातली एकच ठेवतात आणि बाकी सगळं पुसून टाकतात. दुसरी बाजू, कडा, सगळं. उरते ती नुसती कातडी. तिच्यावरची भोकं शांतपणे बुजवतात आणि मग तिला नव्यानं जाडी देतात. की झाला परत पत्रा! घड्या सरळ उलगडतात आणि मला खाली काम मिळतं. फक्त एक गोष्ट आधी ठरवावी लागते, आतली बाजू ठेवायची की बाहेरची. कारण ठेवलेली बाजू जागची हलत नाही, जाडी वाढते ती पलीकडे. म्हणून ह्यांचा एक ठरलेला प्रश्न आहे, "हे कोणाला टेकतं?" जी बाजू दुसऱ्या कशाला टेकणार, ती ठेवायची. घरात नवी मांडणी आणली तरी हे आधी तेच विचारणार. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, भिंतीला टेकते, अजून कोणाला टेकणार?" तर म्हणाले, "मग भिंत सरळ आहे का बघ." बघितली. नव्हती.

आमचं जमलं तेही कामावरूनच. मी नवी होते, नाकावर राग होता. तो अजून आहे. ह्यांनी काढून दिलेलं एक कव्हर मी वाकवलं आणि ते यंत्रावर बसेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हणजे चूक वाकवणारीचीच असणार. माझा तीळपापड झाला. कव्हर उचललं, जिना चढले आणि ह्यांच्या टेबलावर आपटलं. ह्यांनी ते उलटंसुलटं केलं, पट्टी लावली आणि म्हणाले, "चूक माझीच आहे. तुमचे बेंड एकदम छान आलेत." मग खाली येऊन सगळ्यांसमोर तेच परत सांगितलं. त्या कारखान्यात तोवर कुठल्याही पुरुषानं स्वतःची चूक कबूल केलेली मी ऐकली नव्हती. मी तिथंच पाघळले. पुढचं सगळं रीतसर झालं.

ह्यांना मोठं केलं ते त्यांच्या ताईनं, म्हणजे माझ्या नणंदेनं. आई गेली तेव्हा हे जेमतेम शाळेत जायला लागले होते, आणि वन्सं स्वतः परकरी वयाच्या. वडील कामानिमित्त बाहेरगावी. मी त्यांना वन्सं म्हणते, तोंडावर आणि पाठीमागेही, कारण त्यांच्यापुढे दुसरं काही म्हणायची छाती होत नाही. भावाला न्हाऊमाखू घालणं, त्याचा अभ्यास घेणं, शाळेत जाऊन मास्तरांशी भांडणं, सगळं त्यांनीच केलं. हे जे भांडत नाहीत ना, ते त्यामुळेच. ह्यांच्या वाटचं भांडण त्या आधीच करून येत असत.

वन्संची चहाची गाडी आहे, बस डेपोच्या फाटकासमोर. स्टीलची, चाकांची, वर छत असलेली. सकाळी पहिली बस सुटायच्या आत त्यांचा चहा उकळलेला असतो. चहा, कॉफी, बन आणि बिस्किटं. ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी त्यांना मावशी म्हणतात आणि टरकून असतात. यजमान गेल्यावर ह्याच गाडीवर त्यांनी मुलाला शिकवलं, तो दुसऱ्या शहरात चांगल्या नोकरीला लागला, आणि तरी वन्संनी गाडी सोडली नाही. "घरी बसून काय करू? भिंतींना ओरडू?" असं त्या म्हणायच्या, आणि ते खरंच होतं.

तर ह्या वन्सं न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बसा, चाला थोडं थोडं, पण दिवसभर उभं राहणं आता विसरा. वन्सं त्यांना म्हणाल्या, "बरं, बसून करीन." व्यायाम घेणाऱ्या बाईनं त्यांना चाकांची एक उंच खुर्ची मिळवून दिली. खुर्ची मोठी झकास, पण गाडीला लावली तेव्हा खरं घोडं अडलं. ओट्याखाली गाडीला बंद कपाट. खुर्ची पुढे सरकवली की वन्संचे गुडघे कपाटाच्या दाराला थडकायचे, आणि शेगडी हाताला लागायचीच नाही. वाकून वाकून त्यांनी एक कप चहा केला आणि तोंड पांढरं करून मागे टेकल्या. वन्सं कण्हल्या नाहीत, पण मी त्यांचा हात बघितला, खुर्चीची कड घट्ट धरलेली होती.

भाचा आला. चांगला मुलगा आहे, आईसाठी जीव टाकतो. त्यानं तिच्यासाठी त्याच्या घरी खोलीसुद्धा करून ठेवली होती. तो म्हणाला, "आई, पुरे झालं आता. माझ्याकडे चल." वन्सं म्हणाल्या, "तुझ्या नवव्या मजल्यावर मी कोणाला चहा पाजू? कबुतरांना?" त्यानं हात जोडले. दोघंही रडकुंडीला आले. शेवटी ठरलं असं, की येत्या रविवारी वन्संनी गाडीवर एक सकाळ बसून दाखवायची. जमलं तर राहतील. नाही जमलं तर तिथूनच त्याच्या मोटारीत बसून निमूटपणे जातील आणि पुन्हा विषय काढणार नाहीत. शब्द म्हणजे शब्द. वन्संनी शब्द मोडलेला मी तरी बघितलेला नाही.

घरी येऊन हे जेवेनात. मी वाढत होते आणि हे ताटात बोटानं चौकोन काढत होते. मग म्हणाले, "मधलं कपाट काढायचं. तिथं आत गेलेला एक कोनाडा बसवायचा, गुडघ्यांपुरता. वर, मागे आणि दोन बाजूंना पत्रा, पुढून उघडा. एकाच पत्र्यातून होईल." मी म्हटलं, "मग करा की. मी वाकवते." तेव्हा कुठे पहिला घास घेतला.

ती गाडी बनवणारा धंदा कधीच बंद झालेला, पण तिचे पत्रे त्या काळी आमच्याच कारखान्यात कापले होते. कारखान्याच्या मालकांनी जुन्या संगणकातून मॉडेल हुडकून दिलं. मालक तोंडानं फटकळ आणि मनानं मऊ. "कामाच्या वेळेत करू नका," म्हणाले, आणि मग कामाच्या वेळेत येऊन विचारायचे, "झालं का मावशीचं?" तेही डेपोसमोरच चहा प्यायचे ना.

मॉडेल मिळालं पण मुकं. म्हणजे मूळ कोणी ते कशावरून कसं बनवलं, काय आधी काय नंतर, हे काहीच त्यात उरलेलं नव्हतं. नुसता आकार. त्यावरून ह्यांना कप्पा काढायचा होता, दाराची पट्टी काढायची होती, हवेच्या फटी, कप टांगायचे आकडे, सगळं. एकेक फेस काढत गेले तसं मॉडेल फाटत गेलं. पण त्याची ह्यांना सवय. हे खुशीत होते. जेवणाच्या सुट्टीत खाली येऊन मला सांगायचे, "आज फटी बुजवल्या," जसं काही बागेत आळी करून आले.

आणि माप? माप घ्यायला हे वन्संकडे व्हर्नियर घेऊन गेले! व्हर्नियर म्हणजे आमच्याकडे पत्र्याची जाडी मोजायचा चिमटा, केसाएवढा फरक दाखवतो. हे जमिनीवर बसून बहिणीच्या गुडघ्याला तो चिमटा लावताहेत आणि आकडे लिहिताहेत. वन्सं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काय रे, गुडघ्यांना झाकण बसवतोस की काय?" मी हसून हसून भिंतीला टेकले. हे मात्र गंभीर. म्हणाले, "ताई, पांघरूण घेऊन बस. थंडीत तू पायांवर शाल घेशील ना, तीही धरायला हवी." मग शालीसकट मापलं. संगणकात ह्यांनी बहिणीचे दोन गुडघेसुद्धा काढून ठेवले होते, गोल गोल, शालीसकट. मी बघितले आहेत.

शनिवारी दुपारपर्यंत काम संपलं. पत्रा कापून आला, मी वाकवला. बेंड असे आले की बोटानं कड चाचपावी. कारखाना बंद व्हायच्या वेळी आम्ही कोनाडा टेंपोत टाकला आणि वन्संच्या इमारतीखाली, जिथं गाडी उभी असते, तिथं नेला. जुनं कपाट ह्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. भाचा एक दिवस आधीच आला होता. वन्संची बॅग भरायला घेतली होती त्यानं, उगाच आयत्या वेळी धावपळ नको म्हणून. वन्सं त्यांच्या खुर्चीत बसून लिफ्टनं खाली आल्या होत्या.

आम्ही दोघांनी कोनाडा उचलला, गाडीच्या दोन खांबांच्या मध्ये धरला आणि सरकवला. जाईना. तिरका करून बघितला. जाईना. ह्यांनी लाकडी हातोडीनं हळू हळू ठोकलं, मग जरा जोरात. खांबांना ओरखडे पडले, बाकी काही नाही. मी पट्टी लावली. दोन्ही खांबांच्या मध्ये जेवढी जागा, त्याहून कोनाडा रुंद होता, थोडासाच, दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या जाडीएवढा.

"राहू दे रे," वन्सं म्हणाल्या. आवाज इतका मऊ होता की मला भीतीच वाटली. त्यांचा मऊ आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. भाचा जिन्याकडे वळला, राहिलेले कपडे भरायला.

माझं डोकं फिरलं. "अहो, सगळ्या जगाला विचारता ना, कोणाला टेकतं म्हणून? मग ह्याला नाही विचारलंत?"

"विचारलं होतं," हे म्हणाले.

"मग?"

"ताईच्या गुडघ्यांना."

झालं होतं ते असं. कोनाडा दोन ठिकाणी टेकणार होता, आतून गुडघ्यांना आणि बाहेरून खांबांना. दुसऱ्या कोणाचीही गाडी असती तर ह्यांनी डोळे झाकून खांबाकडची बाजू ठेवली असती आणि जाडी आत घेतली असती, कारण खांब हलत नाहीत. पण ह्यांच्या डोळ्यांपुढे ते दोन गुडघे. गुडघ्यांची जागा केसभरही कमी व्हायला नको म्हणून ह्यांनी गुडघ्यांकडची बाजू ठेवली, आणि जाडी गेली बाहेर, खांबांच्या अंगावर. इतक्या वर्षांत असली चूक ह्यांच्या हातून झाली नव्हती. झाली ती बहिणीच्या वेळी, आणि तिच्या मायेपोटी. मला राग तर आलाच होता, पण त्याहून जास्त ह्यांच्या पाठीवरून हात फिरवावा असं वाटत होतं. तेवढ्यात ह्यांनी टेंपोचं दार असं आपटलं, की वरच्या मजल्यावरच्या कोणीतरी खिडकी उघडून बघितलं. ह्यांनी चिडावं असं मी जन्मभर म्हणत आले, आणि चिडले तेव्हा मला मुळीच बरं वाटलं नाही.

"चला," मी म्हटलं. "परत करू."

"कारखाना बंद झाला."

"मालकांच्या घराची बेल काही बंद झालेली नाही."

मालक बनियनवर बाहेर आले, आमचं ऐकून कपाळाला हात लावला, दोन शेलक्या शब्दांत ह्यांची पूजा बांधली आणि किल्ल्या घेऊन आमच्यासोबत निघाले. पत्रा कापायचं मशीन स्वतः चालवतो म्हणाले. स्टीलचा एक तुकडा पुरेसा मोठा उरला होता, तो त्यांनीच शोधून काढला.

मी सहसा वर काचेच्या खोलीत जात नाही. त्या दिवशी ह्यांच्या मागे उभी राहिले. ह्यांनी मॉडेल उघडलं, आणि गुडघ्यांकडचे सगळे फेस निवडून पुसले. क्षणभर हात थांबला, पण पुसले. मग खांबांचं माप घेऊन त्यांना टेकणारी कातडी तयार केली आणि आतल्या बाजूला जाडी दिली. लाल अक्षरं! कोपऱ्यांत अडलं होतं. बाहेरचा कोपरा फार बारीक गोलाईचा, त्याच्या आत जाडी मावायलाच जागा नाही, फेस एकमेकांत घुसत होते. ह्यांनी कोपऱ्याचे फेस काढले, शिवले, पुन्हा लाल. परत काढले. कपाळावर घाम.

"एवढा बारीक बेंड मला मशीनवर येतच नाही," मी म्हटलं. "तुम्ही कितीही काढा, मी वाकवणार तो माझ्या साच्याच्या गोलाईनंच. तीच घाला की."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. साच्याची गोलाई मी सांगितली. ह्यांनी सगळे कोपरे काढून टाकले, त्या गोलाईनं नवे घातले, आणि जाडी दिली. ह्या वेळी मॉडेल असं सहज भरीव झालं, जसं काही कधी फाटलंच नव्हतं. घड्या उलगडल्या. सपाट पत्रा पडद्यावर पसरला. माझा जीव भांड्यात पडला, आणि मालक दारातून ओरडले, "झालं असेल तर पाठवा खाली, माझं जेवण थांबलंय!"

रात्री जेवणाच्या सुमाराला आम्ही परत वन्संच्या दारात होतो. कोनाडा खांबांच्या मध्ये धरला आणि तळहातानं ढकलला. गेला आत. कसलीही कुरकुर न करता शेवटपर्यंत गेला. ह्यांनी स्क्रू आवळले. पण ह्यांचा चेहरा काही खुलेना, कारण आता आतली जागा कमी झाली होती, दोन जाड्यांएवढी.

"अहो, गुडघे आहेत ते," मी म्हटलं. "चिमट्यानं मोजून का कोणी बसतं?"

"शाल..."

"शाल जरा घट्ट गुंडाळतील!"

वन्संना म्हटलं, बसून बघा. त्या म्हणाल्या, "इथं अंधारात नको. उद्या डेपोसमोर, शेगडी पेटवून बघेन. बसायचं तर कामालाच बसायचं." आणि वर निघून गेल्या. ह्यांना घरी आणून मी बळेबळे जेवायला घातलं. झोप दोघांनाही लागली नाही.

रविवारी उजाडताना आम्ही गाडी ढकलत डेपोसमोर नेली. भाचा मागून मोटार घेऊन आला, डिकीत बॅग. वन्सं मोटारीतून उतरून खुर्चीत बसल्या, अंगात रोजचा निळा ॲप्रन, पायांवर शाल. हे एका बाजूला उभे, मी दुसऱ्या बाजूला. वन्संनी चाकं हातानं फिरवली. गुडघे कोनाड्याच्या तोंडाशी आले. आत गेले. शालीसकट. दोन्ही बाजूंना जागा उरली. पण तेवढ्यात खटकन आवाज झाला आणि खुर्ची थांबली. खुर्चीचे हात ओट्याच्या कडेला अडले होते!

ह्यांचा रंगच उडाला. गुडघे मोजले, शाल मोजली, खुर्चीचे हात कोणी मोजलेच नव्हते. मीही नाही, आणि मी तर तोंड वर करून सगळ्यांना शिकवत होते. भाचा पुढे आला. "आई," एवढंच म्हणाला.

वन्संनी खाली बघितलं. खुर्चीचा उजवा हात धरला, वर खेचला. तो निघाला. डावाही निघाला. "निघतात हे," त्या म्हणाल्या, जशा काही आम्हीच बावळट होतो. दोन्ही हात ह्यांच्या हातांत कोंबले, चाकं फिरवली, आणि सरळ पुढे गेल्या. पोट ओट्याला टेकेपर्यंत. शेगडी समोर. दुधाचं पातेलं हाताशी. पाठ ताठ. त्यांनी शेगडी पेटवली आणि आधण ठेवलं. चहाचा वास सुटला तसे फाटकातून ड्रायव्हर यायला लागले. "मावशी आल्या! अरे, मावशी आल्या!" एकानं आत जाऊन ओरडून सांगितलं, आणि बघता बघता रांग लागली. वन्सं बसून चहा गाळत होत्या. वाकत नव्हत्या, थांबत नव्हत्या, खुर्चीची कड धरत नव्हत्या. एका कंडक्टरला मागच्या वेळचा कप परत केला नाही म्हणून त्यांनी असं फैलावर घेतलं, की मला रडूच आलं, आनंदानं.

हे खुर्चीचे दोन हात छातीशी धरून त्यांच्या मागेच उभे. "ताई, जरा डावीकडे सरक. ताई, पाय दुखत नाही ना? ताई, शाल अडकली का बघू?"

"बाजूला हो रे! उजेड अडवतोस," वन्सं न वळता म्हणाल्या. "चहा हवा असेल तर रांगेत उभा राहा सगळ्यांसारखा."

हे खरंच गेले आणि रांगेच्या शेवटी उभे राहिले. भाचा मोटारीजवळ किल्ली फिरवत उभा होता. वन्संनी त्याच्याकडेही बघितलं नाही. गाळणं झटकत म्हणाल्या, "आणि तू. ती बॅग घरी नेऊन ठेव. कपडे चुरगळतील." भाच्यानं डिकी उघडली, बॅग काढली, आणि जाताना आईच्या डोक्यावरून हात फिरवून गेला. त्यांनी तो हात झटकला नाही.

रांग पुढे सरकत होती. शेवटी ह्यांचा नंबर आला. वन्संनी वर बघितलं. खुर्चीमुळे त्या आता खाली आणि हे वर, त्यामुळे मान चांगलीच उचलावी लागली.

"काय देऊ?"

ह्यांनी तोंड उघडलं, आणि जे काही येणार होतं त्याऐवजी रडूच आलं. भर रस्त्यात, सगळ्या ड्रायव्हरांसमोर, खुर्चीचे ते हात छातीशी धरून, लहान मुलासारखे रडायला लागले. मी ह्यांना सावरायला पुढे निघाले.

मागचा ड्रायव्हर घड्याळ बघत म्हणाला, "काका, घ्या की लवकर. गाडी सोडायचीय."

"थांब जरा," वन्सं त्याला म्हणाल्या. "माझा भाऊ आहे तो."